मनगटावरील यंत्र आणि चिकित्सकाची गुप्तता

विषयप्रवेश

नाडीपरीक्षणासाठी रुग्णाचा हात हाती घ्यावा आणि प्रथम त्याच्या मनगटावरील घड्याळ वर सरकवावे लागावे, हा अनुभव आता केवळ पुण्या-मुंबईच्या वैद्यांचा राहिलेला नाही. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्यासही तो आठवड्यातून अनेकदा येतो. हे घड्याळ केवळ वेळ दाखवीत नाही. पावले, हृद्गती, निद्रेचा काळ, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, स्त्रियांच्या बाबतीत पाळीच्या तारखा यांची नोंद ते अहोरात्र करीत असते, आणि ती नोंद मोबाईलमार्फत दूरच्या एखाद्या कंपनीच्या संगणकात जाऊन पडत असते. कोणी अशीच नोंद करणारी अंगठी घालतो, कोणी दंडावर शर्करा मोजणारी चकती चिकटवितो, तर कोणाच्या चष्म्यातच कॅमेरा असतो.

या साधनांचे आकडे खरे किती व खोटे किती, याची चर्चा वैद्यमंडळींत नेहमी होत असते. प्रस्तुत लेखात तो विषय अवश्य येईल. परंतु मुख्यत्वे विचार करावयाचा आहे तो निराळ्या गोष्टीचा. रुग्णाने तोंडाने न सांगितलेला वृत्तांत हे यंत्र सांगते. तो मागण्याचा, पाहण्याचा आणि इतरांपुढे ठेवण्याचा आपला अधिकार किती? हा प्रश्न आम्हास ग्रंथ वाचून पडला नाही, आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे पडला. म्हणून ती हकीकत प्रथम देतो. रुग्णेची ओळख पटेल असे तपशील अर्थातच गाळले आहेत.

एक हकीकत

काही वर्षांपूर्वी आम्ही चिकित्सालयात ४० दिवसांचा दिनचर्या उपक्रम घेतला. स्थौल्य, अम्लपित्त व मलावष्टंभ यांचे २३ रुग्ण त्यात सहभागी झाले. ब्राह्ममुहूर्ती उठणे, अभ्यंग, अर्धशक्ती व्यायाम, सायंकाळी लघु आहार आणि वेळेवर निद्रा, असा साधा क्रम होता. बहुतेकांकडे बँड होते. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी उत्साहाने विकत घेतले. रोज सकाळी आदल्या रात्रीच्या झोपेचा व दिवसभराच्या पावलांचा आलेख व्हॉट्सॲपच्या गटात टाकावा, अशी सूचना आम्हीच केली. एकमेकांचे पाहून उत्साह टिकेल हा हेतू. हेतू चांगला होता हे सांगण्यात आता काही अर्थ नाही.

सहभागींमध्ये अम्लपित्ताची एक जुनी रुग्णा होती. औषधाने उपशय मिळे, पण तो टिकत नसे. तिचे आलेख पाहता आम्हास एक गोष्ट जाणवली. इतर दिवशी झोप बरी, परंतु शनिवारी रात्री बारापासून तीनपर्यंत जागरण आणि त्या वेळी हृद्गती वाढलेली. चार शनिवार हाच प्रकार. कारण सापडल्याच्या आनंदात आम्ही गटातच, सर्वांसमक्ष, लिहिले की शनिवारचे जागरण टाळावे, रविवारी जळजळ वाढते ती त्यामुळेच. निदान म्हणून ते चूक नव्हते.

त्याच गटात तिच्या गल्लीतील एक बाई होत्या. शनिवार हा रुग्णेच्या यजमानांच्या पगाराचा वार, आणि त्या रात्री त्या घरात काय होते, हे गल्लीला ठाऊक होते. परंतु ती गोष्ट आजवर कोणी तोंडावर काढली नव्हती. आमच्या त्या एका ओळीखाली या बाईंनी हळहळ व्यक्त करणारा मजकूर लिहिला. त्यात द्वेष नव्हता, सहानुभूतीच होती. तथापि दोन तासांत गटातील सर्वांना एका घरातील गोष्ट कळली. रुग्णा त्याच दिवशी गटातून बाहेर पडली. पुढची औषधे नेण्यासही ती आली नाही.

सात-आठ महिन्यांनी ती पुन्हा आली तेव्हा मनगटावर बँड नव्हता. "डॉक्टर, मी पोटाचं सांगायला आले होते. घरचं सांगायचं असतं तर मीच सांगितलं असतं," एवढेच ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला. आम्ही क्षमा मागितली. त्यावर ती काही बोलली नाही.

प्रकाशकिरणांची नाडी

या हकीकतीत यंत्राने जे मोजले ते बरोबर मोजले होते. परंतु यंत्र नेहमी बरोबरच मोजते असे नाही, आणि ते काय मोजते हे ठाऊक नसल्यास वैद्य दोन्ही बाजूंनी फसतो. म्हणून थोडे त्याविषयी.

घड्याळाच्या मागील बाजूस हिरव्या प्रकाशाचे सूक्ष्म दिवे व प्रकाशग्राहक असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनासरशी त्वचेखालील केशवाहिन्यांतील रक्ताचे प्रमाण किंचित वाढते, त्यामुळे परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. या चढउतारांची मोजणी म्हणजे घड्याळाची हृद्गती. पट्टा सैल असणे, हात हलणे, थंडीने त्वचेतील रक्ताभिसरण मंदावणे, मनगटावर गडद गोंदण असणे, यांपैकी कशानेही ती बिघडते. प्राणवायूचे प्रमाण तांबड्या व अवरक्त किरणांनी मोजतात. कोरोनाच्या काळात आपण सर्वांनी बोटाला लावावयाचे मापक वापरले. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी निरीक्षणात असे आढळले, की मापक ९२ ते ९६ टक्के दाखवीत असताना धमनीतील प्रत्यक्ष प्रमाण ८८ टक्क्यांहून कमी असण्याचा प्रकार श्वेतवर्णीय रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होता. सावळ्या व काळ्या त्वचेच्या आपल्या प्रदेशात हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

हृद्गतीच्या अनियमिततेविषयी मात्र यंत्राची उपेक्षा करता येत नाही. ॲपलच्या घड्याळावर अमेरिकेत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४,१९,२९७ व्यक्ती सहभागी होत्या. त्यांपैकी केवळ ०.५२ टक्के व्यक्तींना अनियमित नाडीची सूचना मिळाली. सूचना मिळालेल्यांपैकी ४५० जणांनी नंतर घरी छातीवर लावावयाची ईसीजी पट्टी वापरून परत पाठविली, आणि त्यांतील ३४ टक्क्यांमध्ये अलिंदाचे अनियमित स्पंदन आढळले. अशी सूचना घेऊन रुग्ण आला तर 'घड्याळावर काय विश्वास ठेवायचा' असे म्हणून त्यास परत पाठवू नये, ईसीजीसाठी व हृद्रोगतज्ज्ञांकडे पाठवावे. त्यातून पक्षाघात उद्भवू शकतो.

आता नाडीविषयी. तर्जनी, मध्यमा व अनामिका यांनी आपण जे पाहतो, म्हणजे गती, बल, स्थान, धमनीचे काठिण्य वा मार्दव, त्यांपैकी संख्या व ताल यांपलीकडे हे घड्याळ काही जाणत नाही. पुण्यात विकसित झालेल्या 'नाडी तरंगिणी'सारख्या यंत्रांत तीन स्थानी दाबाचे संवेदक असतात, तो प्रकार निराळा. चरक-सुश्रुतांत नाडीपरीक्षा नाही, ती शार्ङ्गधर संहितेपासून दिसते, हे वाचकांस ठाऊक आहेच. म्हणजे वैद्यकात नवीन परीक्षणसाधन येणे व ते सामावून घेतले जाणे हे आपल्या परंपरेस अपरिचित नाही. यंत्राचा राग धरण्याचे कारण नाही.

व्यायाम, निद्रा आणि आकडे

रोज १०,००० पावले हा आकडा आज जणू शास्त्रवचन झाला आहे. त्याचा उगम मात्र बाजारात आहे. जपानमध्ये १९६५ साली पावले मोजण्याचे एक उपकरण विक्रीस आले, त्याच्या जपानी नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचे मापक' असा होतो. एकच आकडा ६८ वर्षांच्या वातप्रकृतीच्या संधिगत रुग्णास आणि २५ वर्षांच्या मेदस्वी तरुणास सारखाच लागू करणे आयुर्वेदास मान्य होणारे नाही. अर्धशक्तीचे प्रमाण व्यक्तीचे बल, वय, ऋतू व आहार यांवर ठरते, आणि त्याची खूण ललाटावर व काखेत येणारा स्वेद ही आहे, मनगटावरील थरथर नव्हे. २०१६ मध्ये 'जामा' या नियतकालिकात पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ४७१ व्यक्तींवरील दोन वर्षांच्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. केवळ आहार-व्यायामाच्या मार्गदर्शनाने सरासरी ५.९ किलो वजन घटले, तर त्याच मार्गदर्शनास यंत्राची जोड मिळालेल्या गटात ३.५ किलोच घटले. यंत्र बांधले म्हणजे अर्धे काम झाले, असे मनास वाटत असावे, हा आमचा तर्क.

निद्रेची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. निद्रेच्या अवस्था खऱ्या अर्थाने ओळखावयाच्या तर मेंदूच्या विद्युतलहरी पाहाव्या लागतात. घड्याळ हालचाल व हृद्गती यांवरून अनुमान करते. रुग्ण जागाच असून निश्चल पडून राहिला तर ते त्यास निद्रा समजते. २०१७ मध्ये अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांनी काही रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. हे रुग्ण झोपेचा आकडा परिपूर्ण व्हावा या चिंतेने अंथरुणावर अधिकाधिक वेळ पडून राहत, आणि त्यायोगेच त्यांची झोप बिघडत असे. प्रयोगशाळेत तपासून झोप ठीक असल्याचे सांगितले तरी त्यांचा विश्वास यंत्रावर. आमच्याकडेही एक सेवानिवृत्त शिक्षक सकाळी घड्याळ पाहून मग 'मला रात्री झोप लागली नाही' असे ठरवीत. त्यांना आम्ही क्षीरपान व पादाभ्यंग सांगितला आणि रात्री घड्याळ देवघराच्या फळीवर ठेवण्यास सांगितले. पंधरा दिवसांनी झोपेची तक्रार राहिली नाही. श्रेय पादाभ्यंगास द्यावे की फळीस, हे आम्ही ठरवू शकलो नाही.

अभ्यंगाच्या वेळी बँड काढावा लागतो म्हणून 'तेवढी हालचाल मोजली गेली नाही' अशी खंत करणारे रुग्णही भेटतात. असो.

मध्ये उभा असलेला तिसरा

वैद्य आणि रुग्ण यांच्यात पूर्वी तिसरा कोणी असेल तर तो नातलग असे, आणि तो डोळ्यांना दिसे. आताचा तिसरा दिसत नाही. फिटनेस बँड बनविणाऱ्या एका प्रसिद्ध अमेरिकी कंपनीच्या बाबतीत २०११ साली असे उघडकीस आले, की काही ग्राहकांनी व्यायाम म्हणून नोंदविलेल्या दांपत्यसंबंधाच्या नोंदी इंटरनेटवर शोध घेणाऱ्या कोणासही दिसत होत्या. नोंद खाजगी ठेवण्याची सोय होती, परंतु ती ग्राहकाने स्वतः निवडावयाची होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्ट्राव्हा' या व्यायाम-नोंदणी सेवेने आपल्या ग्राहकांच्या धावण्याचे मार्ग दर्शविणारा जगाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचेही नाव नव्हते. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याच्या लक्षात आले, की ओसाड वाळवंटात जे प्रकाशमान वेटोळे दिसते ते सैनिकी तळाभोवती सकाळी धावणाऱ्या सैनिकांचे आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकी संरक्षण खात्यास युद्धक्षेत्रात अशी स्थान दर्शविणारी साधने वापरण्यावर बंदी घालावी लागली. नाव गाळले म्हणजे ओळख गाळली असे होत नाही, हा त्यातील धडा. आमच्या गटातील आलेखावरही 'शनिवार' एवढाच शब्द होता.

याची दुसरी बाजूही सांगणे न्याय्य होईल. कनेक्टिकट राज्यात डिसेंबर २०१५ मध्ये एका विवाहितेची हत्या झाली. घुसखोराने मारले असे सांगणाऱ्या पतीने जी वेळ दिली होती, त्यानंतरही सुमारे तासभर ती घरात चालत असल्याचे तिच्या बँडने नोंदले होते. २०२२ मध्ये पतीस ६५ वर्षांची शिक्षा झाली. नोंद कोणाच्या हाती, कोणत्या कारणासाठी व कोणत्या प्रक्रियेने जाते यावर सर्व अवलंबून आहे.

विमा आणि नोकरी यांत या नोंदी शिरल्या की प्रश्न खाजगीपणाचा राहत नाही, पोटाचा होतो. 'जॉन हॅनकॉक' या अमेरिकी आयुर्विमा कंपनीने सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर केले, की यापुढे आपल्या सर्व आयुर्विमा योजना व्यायामाच्या नोंदीशी जोडलेल्या असतील. नोंद देण्याची सक्ती नव्हती, परंतु सवलत मिळे ती नोंद देणाऱ्यास. त्याच वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील शिक्षकांनी संप केला. तुटपुंजे वेतन व विम्याचा वाढता खर्च ही मुख्य कारणे होती. परंतु पावले व वजन यांची नोंद ॲपवर द्यावी, अन्यथा दरमहा २५ डॉलर अधिक भरावेत, या प्रस्तावाने त्यांचा रोष भडकला. तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

हे सर्व परदेशचे म्हणून सोडून देता येणार नाही. नागपूर महानगरपालिकेने गेल्या दशकाच्या अखेरीस आपल्या सफाई कामगारांच्या मनगटांवर जीपीएस घड्याळे बांधली. चंदीगड व पंचकुला येथेही तसेच झाले. कामगार नेमून दिलेल्या क्षेत्रात आहे की नाही हे कार्यालयात बसून पाहता यावे, कामचुकारपणा व खोट्या हजेऱ्या थांबाव्यात, हा प्रशासनाचा उद्देश. कामगारांच्या बाजूने विचार करावा तर चित्र निराळे दिसते. झाडताना क्षेत्राची अदृश्य रेषा ओलांडली गेली वा यंत्र बंद पडले तर वेतन कापले जाईल ही धास्ती. घड्याळातून आपले बोलणे ऐकले जाते, आपण दिसतो, प्रसाधनगृहात जाताना काय करावे, ही स्त्री कामगारांची भीती. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मनगटावर असे घड्याळ नव्हते, हे आम्हास सर्वांत बोलके वाटते.

वैद्यांनी याचा विचार चिकित्सेच्या अंगाने करावा. मूत्राचा वेग आला असता कोणी पाहील वा वेतन कापले जाईल म्हणून तो रोखून धरणे, हे वेगधारणच. अधारणीय वेग आपण पाठ केलेले असतात, परंतु ते धारण करावयास लावणारे कारण मनगटावर असू शकते, हे प्रश्नपरीक्षेत विचारण्याचे आपणास सुचत नाही. मूत्रकृच्छ्राची एखादी कामगार स्त्री आली तर 'पाणी किती पिता' यासोबत 'कामावर असताना जाता येते का' हेही विचारावे.

कॅमेऱ्याचा चष्मा

घड्याळ निदान ते घालणाऱ्याचीच नोंद करते. चष्मा समोरच्याची करतो. गूगलने २०१३ मध्ये १,५०० डॉलर किमतीचा असा चष्मा निवडक लोकांस दिला होता. लोकांनी तो घालणाऱ्यास उपाहारगृहांतून बाहेर काढले, आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याची ती विक्री थांबली. आता मात्र साध्या चष्म्याप्रमाणे दिसणारे कॅमेऱ्याचे चष्मे आले आहेत. मेटा कंपनीचे असे चष्मे मे २०२५ मध्ये भारतातही विक्रीस आले. चित्रण सुरू असता त्यावर लहान दिवा लागतो खरा, पण त्याचा अर्थ ठाऊक असेल त्यासच तो कळणार. २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी अशा चष्म्यास चेहरा ओळखणाऱ्या सेवेची जोड देऊन दाखविले, की रस्त्यातील अनोळखी व्यक्तीचे नाव-पत्ता काही क्षणांत मिळू शकतो. त्यांनी ते धोका दाखविण्यासाठी केले, त्यासाठीचा कोड प्रसिद्ध केला नाही.

पंचकर्म करणाऱ्यांनी यावर तातडीने विचार करावा. स्नेहन, स्वेदन, बस्ती या कर्मांच्या वेळी रुग्ण कोणत्या अवस्थेत असतो हे निराळे सांगावयास नको. कर्मकक्षात मोबाईल नेऊ नये असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. तो नियम आता घड्याळ व चष्मा यांसही लावावा, आणि तो केवळ नातलगांस नव्हे, परिचारक-परिचारिकांस आणि स्वतः वैद्यासही लागू असावा. कोणास दृष्टीसाठी चष्मा आवश्यक असेल तर साधा चष्मा आणावा. यात कोणाचा अपमान नाही.

शास्त्र आणि कायदा

चरक संहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात गुरूने शिष्यास केलेला उपदेश आपण सर्वांनी अभ्यासक्रमात वाचला आहे. रुग्णाच्या घरात प्रवेश केल्यावर मन, वाणी व इंद्रिये रुग्णाच्या हिताखेरीज अन्यत्र जाऊ देऊ नयेत, आणि त्या कुळातील व्यवहार बाहेर सांगू नयेत, असा त्यातील आशय आहे. रुग्णाचे आयुष्य क्षीण होत असल्याचे कळले तरी जेथे सांगितल्याने आघात होईल तेथे ते सांगू नये, हेही तेथेच आहे. आम्ही पदवी परीक्षेत यावर टीप लिहिली होती. परंतु 'घरात प्रवेश' याचा अर्थ आम्ही उंबरा ओलांडणे एवढाच समजत होतो. आज वैद्य क्वचितच रुग्णाच्या घरी जातो. घरच मनगटावर बसून चिकित्सालयात येते, आणि रुग्णाने पडदा सरकवून दाखविलेल्या खोलीच्या पलीकडच्या खोल्याही त्या आलेखात उघड्या असतात. मनुष्याने संकोचाने मागे ठेवलेली गोष्ट प्रश्नाने हळूहळू बाहेर येते, त्यात त्याची संमती असते. आलेखास संकोच नाही.

भारतीय चिकित्सा पद्धतीच्या व्यावसायिकांसाठी १९८२ मध्ये केलेल्या आचारसंहितेतही रुग्णाच्या वैयक्तिक व कौटुंबिक गोष्टी गुप्त राखण्याचे कर्तव्य सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, व नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. माहिती हाताळणाऱ्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. संमती स्पष्ट असावी, माहिती ज्या हेतूने घेतली त्यासाठीच वापरावी, १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती असावी, ही त्याची तत्त्वे. सुरक्षिततेच्या उपायांत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ती मोठ्या कंपन्यांसाठी आहे असे समजून निर्धास्त राहू नये. कागदावरच राहिलेला केसपेपर या कायद्याच्या कक्षेत येत नाही, परंतु तोच संगणकात उतरविला की येतो. छायाचित्र काढून मित्रवैद्यांच्या गटात 'मत द्यावे' म्हणून पाठविणे ही आपल्यातील नित्याची सवय यापुढे सोडावी लागेल. कायदा नसता तरी सोडावयास हवी होती.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

औषधालयांच्या फळीवर आता ही साधनेही दिसतात, म्हणून दोन गोष्टी. सुई न टोचता रक्तशर्करा मोजण्याचा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या यांविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी स्पष्ट इशारा दिला. असे एकही उपकरण त्यांनी मान्य केले नव्हते. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरली तर परिणाम काही तासांत दिसतो. दंडावर चिकटविण्याच्या चकतीचा सूक्ष्म तंतू त्वचेखाली जातो व तेथील द्रवातील शर्करा मोजतो, त्याविषयी हा इशारा नव्हता. ग्राहक दोन्हींत गल्लत करतो, ती आपण दूर करावी. स्वस्त घड्याळात नफा असतो हे आम्हास कळते, तरी असे घड्याळ विकू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट अशी, की अनेक ग्राहक यंत्राची जोडणी औषधालयातील मुलाकडूनच करून घेतात. तो मुलगा सोयीसाठी सर्व परवानग्यांस 'होय' म्हणतो, कधी आपलाच ईमेल घालतो, आणि त्या ग्राहकाची हृद्गती महिनोन् महिने त्याच्या मोबाईलवर येत राहते. सुनेच्या घड्याळाची नोंद सासऱ्यांच्या मोबाईलवर जोडून देण्याची विनंतीही होते. पाळीच्या तारखा कोणाकडे जाणार आहेत, हे त्या सुनेस विचारल्याविना जोडणी करू नये. विचारावे ते एकटीस, घरच्यांसमोर नव्हे.

सध्याची पद्धत

आमच्या चिकित्सालयात सध्या जे करतो ते सांगतो. रुग्ण आपणहून दाखवील तरच आलेख पाहतो, तोही त्याच्याच मोबाईलवर, आणि मोबाईल त्याच्याच हाती असतो. पाहण्यापूर्वी कशासाठी पाहावयाचे ते सांगतो. निद्रेविषयी प्रश्न असेल तर निद्रेचेच पान पाहतो, पाळीचे वा स्थानाचे पान उघडे असल्यास ते बंद करावयास सांगतो. केसपेपरवर आलेख चिकटवीत नाही, छायाचित्र घेत नाही, आमच्या शब्दांत एक ओळ लिहितो: 'निद्रा अल्प, मध्यरात्री जागरण, रुग्णकथित व यंत्रदृष्ट.' यंत्रात दिसलेली पण रुग्णाने न सांगितलेली गोष्ट चिकित्सेसाठी आवश्यक वाटली, तर नातलगांस बाहेर बसवून एकदाच विचारतो. उत्तर नाही असे आले तर ते उत्तर मानतो. घरात मारहाण होत असल्याची शंका असल्यास महिलांसाठीचा १८१ हा दूरध्वनी क्रमांक औषधाच्या कागदावर नव्हे, तोंडी सांगतो. कागद घरी कोणीही उघडू शकते.

दिनचर्येचा उपक्रम पुन्हा सुरू केला आहे, गट मात्र केलेला नाही. प्रत्येकाने वहीत स्वतःच्या हाताने लिहावे व वही स्वतःजवळ ठेवावी. लिहिण्यास कंटाळा करतात, हे खरे. ४० दिवस पूर्ण करणाऱ्यांची संख्या पूर्वीपेक्षा कमी भरते.

ती रुग्णा आता नियमित येते. शनिवारविषयी तिने एकदा स्वतःच सांगितले. तिच्या केसपेपरवर त्याची नोंद नाही.